टॅब्लेट आला, लॅपटॉप कुणाकडे?

(कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षण शिबिरातील भाषणाचा संपादित मजकूर)



या सत्राचा विषय ऐकून काही जणींना वाटलं असेल, हा तर दुकानदाराचा विषय, यात चळवळीचं काय? संस्थेच्या कामाला लॅपटॉपऐवजी टॅब्लेट चालेल का, एवढाच तर प्रश्न. पण आपल्यापैकी बऱ्याच संघटनांच्या अंदाजपत्रकात तो येऊन गेला आहे. टॅब्लेट स्वस्त, हलका, आणि ‘बायकांना पटकन जमतो’ असं आपल्याला सांगितलं जातं. या शेवटच्या वाक्याकडे मी पुन्हा येणार आहे.

मी समुपदेशन केंद्रात काम करते. आमच्याकडचा एक लॅपटॉप बंद पडला, तेव्हा निधी देणाऱ्यांनी सुचवलं की त्याच पैशात दोन टॅब्लेट घ्या. आम्ही घेतले. दीड वर्ष वापरले. त्यावरून बोलते.

आधी चांगलं सांगते. आपल्याकडे आलेली बाई सतरंजीवर समोर बसते. लॅपटॉप उघडला की त्याचं झाकण तिच्या-माझ्या मध्ये उभं राहतं. मी काय लिहिते ते तिला दिसत नाही. पोलीस ठाण्यात तिने हेच पाहिलेलं असतं. टॅब्लेट सतरंजीवर आडवा ठेवता येतो. जिला वाचता येतं ती वाचते, जिला येत नाही तिला आम्ही ओळीवर बोट ठेवून वाचून दाखवतो. एकदा ‘घराबाहेर काढलं’ अशी नोंद वाचून दाखवत होते. ती बाई म्हणाली, “ताई, नुसतं काढलं नाही. पोरं आत ठेवली अन् दाराला कडी घातली, असं लिहा.” या एका दुरुस्तीने प्रकरणाचं रूप बदललं. निवासाच्या हक्कासोबत मुलांच्या ताब्याचा मुद्दा आला. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात त्यासाठी स्वतंत्र कलम आहे, कलम २१. आपल्या नावावर काय लिहिलं जातंय हे बाईला लिहितानाच दिसावं, यासाठी मला टॅब्लेट मोलाचा वाटतो.

दुसरं, वस्तीवर गेल्यावर रेशनकार्ड, लग्नपत्रिका, दवाखान्याचे कागद यांचे फोटो जागेवर काढता येतात. झेरॉक्ससाठी बाईला पाच किलोमीटर पाठवावं लागत नाही. वीज गेली तरी पॉवर बँकेवर दिवस निघतो. २०१७ पासून मराठीत बोलून लिहिण्याची सोयही आली आहे. टायपिंग न शिकलेल्या कार्यकर्तीला तिचा उपयोग होतो. फक्त बोललेलं बऱ्याचदा त्या कंपनीच्या यंत्रणेत जातं. म्हणून पीडित बाईचं नाव-गाव असलेला मजकूर असा लिहू नये.

आता अडतं कुठे ते पाहू. दहा-अकरा इंची पडद्यावर दोन ओळींची नोंद होते. दहा पानांचा अहवाल, कोर्टात द्यायचा अर्ज, जुना अर्ज शेजारी उघडून त्यावरून नवीन तयार करणं, हे करायला बसलं की जीव मेटाकुटीला येतो. ज्या मैत्रिणींनी क्लास लावून टायपिंगची परीक्षा दिली, मिनिटाला तीस शब्दांची, त्यांची दहाही बोटं काचेवर निरुपयोगी होतात. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये केलेली आपली पत्रकं टॅब्लेटवर उघडली तर अगम्य अक्षरं दिसतात, कारण तो मजकूर युनिकोडमध्ये नाही. टॅली टॅब्लेटवर चालत नाही. डिजिटल सहीचं टोकन लावायलाही संगणकच लागतो. आणि मान! मांडीवरच्या टॅब्लेटकडे तासन्‌तास वाकून पाहिलं की मानेपासून खांद्यापर्यंत कळा येतात. वेगळा कीबोर्ड आणि डोळ्यांच्या उंचीवर धरणारा स्टँड घेतला तर त्रास कमी होतो. पण ते पैसे मिळवले की किंमत साध्या लॅपटॉपच्या जवळ जाते. अंदाजपत्रकात स्वस्त दिसणारी वस्तू अशी असते.

मला खरं बोलायचं आहे ते याच्या पुढचं. टॅब्लेट हे मुख्यतः भरायचं साधन आहे. कुणीतरी रकाने आखलेले असतात, आपण त्यात बोट ठेवतो. लॅपटॉपवर रकाने आखले जातात, बेरजा होतात, त्यातून निष्कर्ष लिहिला जातो. मग कुणाच्या हातात काय दिलं जातं, हे आपण पाहायला नको?

सरकारी योजनांत हे स्पष्ट दिसतं. २०१६ मध्ये आरोग्यसेविकांसाठी टॅब्लेटवरची ‘अनमोल’ ही नोंदणीची व्यवस्था सुरू झाली. २०१८ च्या ८ मार्चला, म्हणजे महिला दिनीच, पोषण अभियानाची घोषणा झाली. त्यात अंगणवाडी सेविकांच्या हाती मोबाइल आले. २०२१ मध्ये ‘पोषण ट्रॅकर’ आला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातल्या सेविकांनी ते मोबाइल सरकारला परत केले. फोन तापतात, त्यांची क्षमता अपुरी आहे, ॲप मराठीत नाही, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. त्या यंत्राला घाबरल्या नव्हत्या. घरोघर जाऊन मूल तोलायचं आपण, आणि रकाने ठरवताना आपली भाषासुद्धा विचारात घेतली जात नाही, हे त्यांनी रस्त्यावर येऊन सांगितलं. मानधनावर राबणाऱ्या बायकांचा तो लढा आपण नीट वाचायला हवा.

कारण आपल्याही संघटनांत हे घडू शकतं. वस्तीवर फिरणाऱ्या कार्यकर्तीकडे टॅब्लेट, कार्यालयात बसणारीकडे लॅपटॉप. माहिती खालून वर जाते, अहवाल वर लिहिला जातो, आणि जिने चाळीस घरं पायाखाली घातली तिचं ज्ञान आकडा होऊन बैठकीत येतं. पुरुषसत्तेची श्रमविभागणी आपण व्यासपीठावरून मोडतो आणि टेबलावर पुन्हा मांडतो. म्हणून आमच्या केंद्रात आम्ही तीन गोष्टी ठरवल्या. उरलेल्या लॅपटॉपवर आठवड्यातले दोन दिवस वस्तीच्या कार्यकर्त्यांचे. नोंदीचा फॉर्म सगळ्यांनी बसून ठरवायचा, आणि त्यात ‘बाईच्या शब्दांत’ असा एक मोकळा रकाना राहणार. तिमाही अहवालाचा एक भाग आळीपाळीने वस्तीच्या कार्यकर्तीने लिहायचा. पहिला भाग लिहायला एकीला चार दिवस लागले. पण दारूच्या दुकानाची जागा बदलल्यावर कोणत्या गल्लीत मारहाण वाढली, हे त्या भागात प्रथमच लिहिलं गेलं. ते कोणत्याही रकान्यात मावलं नसतं.

आणखी एक धोका. लॅपटॉप कपाटात कुलूपबंद राहतो. टॅब्लेट पिशवीतून घरी येतो. मग भाकऱ्या आटोपून रात्री साडेदहाला नोंदी भरणं सुरू होतं. घरचं काम बिनमोलाचं होतंच, आता कार्यालयाचंही तसंच होतं. घरी मुलांना खेळ हवा असतो, नवऱ्याला पासवर्ड हवा असतो. आणि त्या यंत्रात कुणाच्या तरी पाठीवरच्या वळांचा फोटो असतो. फोटो आपोआप साठवण्याची सोय चालू असेल, तर तो त्याच खात्यावरच्या दुसऱ्या फोनवरही दिसू शकतो. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात, कलम १६ मध्ये, तक्रारदार बाईची ओळख आणि तक्रारीचा मजकूर उघड करायला मनाई आहे. समित्यांवर काम करणाऱ्या मैत्रिणींनी हे विशेष लक्षात ठेवावं. आमचे नियम साधे आहेत. संस्थेचं वेगळं खातं. अंगठ्याऐवजी सहा आकडी पिन, कारण झोपेतही अंगठा टेकवून घेता येतो. फोटो आपोआप साठवणं बंद. आणि संध्याकाळी टॅब्लेट केंद्राच्या कपाटात.

पुराव्याबद्दल एक सूचना. बाईच्या मोबाइलवरच्या धमक्यांचा आपण टॅब्लेटने फोटो काढला म्हणजे काम झालं, असं समजू नका. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं. तिला मूळ फोन जपायला सांगा, काही पुसू नका म्हणावं, आणि वकिलाला लगेच दाखवा.

तर लॅपटॉपऐवजी टॅब्लेट चालेल का? ऐकायला, टिपायला, वाचून दाखवायला उत्तम चालेल. लिहायला आणि हिशेबाला नाही. ‘बायकांना पटकन जमतो’ म्हणणाऱ्यांना आपण विचारू या, लॅपटॉप का जमणार नाही? शिकायला वेळ द्या, पगारी वेळ द्या, जमेल. पुढच्या अंदाजपत्रकाला बसाल तेव्हा वस्तूंच्या यादीशेजारी दोन रकाने आपल्या हाताने आखा: भरणार कोण, आणि लिहिणार कोण. दोन्हीकडे तीच नावं येईपर्यंत खरेदीच्या कागदावर सही करू नका.