हरित बस आणि करंजाची बी
(नागपूर येथील व्याख्यानाचा संपादित अंश)



ऑगस्ट २०१४ मध्ये देशातील पहिली इथेनॉलवर धावणारी बस याच नागपूरच्या रस्त्यावर आली. इथेनॉल म्हणजे मळीपासून काढलेला मद्यार्क. डिझेल इंजिनाशी त्याचे मुळात जमत नाही. त्या इंजिनात ठिणगी नसते. दाबाने तापलेल्या हवेत इंधनाने आपणहून पेट घ्यावा लागतो आणि मद्यार्क तसा सहजी पेटत नाही. स्वीडनच्या स्कॅनिया कंपनीने इंजिनातील दाबाचे गुणोत्तर २८ पर्यंत नेले, इथेनॉलात ज्वलनसाहाय्यक द्रव्य मिसळले आणि बस धावली. पुढे तिचा ताफाही आला. २०१८ मध्ये थकबाकीच्या वादात सेवा थांबली. इंजिन चालत होते, घोडे अडले ते व्यवहारात! एक लिटर डिझेलच्या जागी दीड लिटरहून अधिक इथेनॉल लागते. तो खर्च कुणाला तरी सोसावाच लागतो.

शिवाय ऊस पाणी पितो, आणि विदर्भ काही उसाचा प्रदेश नव्हे. मग तेलबिया? १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात डिझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालले होते. आपल्याकडे २००३ नंतर मोगली एरंडाचा केवढा गाजावाजा झाला! पडीक जमिनीत झाड जगले. बी मात्र बेताचेच आले. करंज आपल्या ओळखीचा. त्याचे तेल कुणी खात नाही, त्यामुळे स्वयंपाकघराशी स्पर्धा नाही. पण भर उन्हात बी वेचणाऱ्या बाईच्या हाती दिवसाकाठी किती पडणार, हे आधी ठरू द्या. तेलघाण्याचे मग पाहू.