बाहेरगावची म्हणून गप्प बसायचं का?



मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाची अध्यक्ष निवडायची होती. हिशेब चोख ठेवणाऱ्या एका सूनबाईचं नाव पुढं आलं. लगेच कोणीतरी बोललं, "ते बाहेरगावची आहे, तिले इथलं काय समजते?" ती बिचारी वहीत डोकं घालून बसली. आम्हालाही तेव्हा उत्तर सुचलं नाही. आज एका माणसाची गोष्ट सांगतो, तेच आमचं उत्तर.

रंगनाथ नरसिंह मुधोळकर जन्मले खानदेशात, धुळ्याला, १८५७ साली. मुंबईत शिकले आणि वकिली करायला आले आपल्या अमरावतीला. वऱ्हाड तेव्हा कागदावर निजामाचं होतं, कारभार मात्र इंग्रजांच्या हाती. लोकांचं गाऱ्हाणं सरकारपुढं मांडायला कायदा जाणणारा माणूस लागे. मुधोळकर कोर्टापुरते थांबले नाहीत, सार्वजनिक कामात उतरले. १८९० साली राष्ट्रसभेनं विलायतेला शिष्टमंडळ पाठवलं, त्यात ते होते. कायदेमंडळात लोकांनी निवडलेली माणसं असावीत, हे तिथं सांगायचं होतं.

१८९७ साली राष्ट्रसभेचं अधिवेशन अमरावतीतच भरलं. तो काळ दुष्काळाचा आणि प्लेगचा. स्वागताध्यक्ष होते दादासाहेब खापर्डे, तेही अमरावतीचे वकील. पुढं दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. खापर्डे टिळकांसोबत जहाल, मुधोळकर गोखल्यांसारखे मवाळ. पण दोघांनीही वऱ्हाडचं नाव देशात नेलं. १९१२ साली पाटण्याजवळ बांकीपूरला राष्ट्रसभा भरली, तेव्हा अध्यक्षाच्या खुर्चीवर मुधोळकर होते. धुळ्याचा माणूस, पण गेला अमरावतीचा म्हणून.

आता सांगा बायांनो, आपल्या गटात किती जणींचं माहेर याच गावात आहे? आम्ही मोजलं. बारापैकी एकीचं. "बाहेरगावची" म्हणणारी बाईसुद्धा दर्यापूरकडून लग्न होऊन आलेली! ज्या गावात आपण राबतो, लेकरं वाढवतो, मतदार यादीत जिथं आपलं नाव आहे, ते आपलंच गाव. ग्रामसभेत बोलायचा हक्क माहेर विचारून मिळत नाही.

येत्या बैठकीत आम्ही त्याच सूनबाईचं नाव पुन्हा मांडणार आहोत. या वेळी तिच्या बाजूनं आधी आम्ही बोलू. तुमच्या गटातही अशी कोणी मान खाली घालून बसली असेल, तर तिला पुढं बोलवा.