कागद आपले, निवड मुलांची

(कोल्हापुरात बारावीच्या विद्यार्थ्यांच्या पालकांसाठी झालेल्या मेळाव्यातील भाषणाचं शब्दांकन)





मला इथे मार्गदर्शन करायला बोलावलंय. मी तीसेक वर्षं ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवलं. दर जून-जुलैला मुलांचे प्रवेशाचे अर्ज माझ्या टेबलावर यायचे. तेव्हा चार गोष्टी सांगण्याइतका अनुभव आहे म्हणायला हरकत नाही. पण आज सुरुवात माझ्या स्वतःच्या चुकीपासून करतो.

माझ्या थोरल्या मुलीच्या इंजिनिअरिंग प्रवेशाला आता पंधराएक वर्षं झाली. तेव्हा पसंतीक्रमाचा अर्ज भरायला मी एकटाच नेट कॅफेत गेलो. तिला घरी ठेवलं, कारण तिथे पोरांची गर्दी असते. घरापासून जवळचं कॉलेज मी पहिल्या नंबरावर टाकलं. तेच मिळालं. पहिलीच पसंती मिळाल्यावर पुढच्या फेरीत बदलायचा प्रश्नच राहत नाही. मी पेढे घेऊन घरी आलो. तिनं पेढा खाल्ला, सलाम केला, शिकली, नोकरीला लागली.

मागच्या वर्षी घराला रंग दिला. माळ्यावरून तिच्या जुन्या वह्या खाली आल्या. एका वहीच्या शेवटच्या पानावर कॉलेजांची यादी होती. पहिल्या नंबरावर कराडचं शासकीय अभियांत्रिकी, दुसऱ्यावर सांगलीचं वालचंद. मी टाकलेलं कॉलेज सातव्या नंबरावर होतं. तिचे मार्क बघता कराड मिळण्यासारखं होतं. मी तिला फोन केला. म्हटलं, "बेटा, तेव्हा सांगितलं का नाहीस?" ती म्हणाली, "अब्बा, तुम्ही विचारलं नव्हतं."

मी शिक्षक. दुसऱ्यांच्या मुलांना रोज विचारायचो, "तुला काय व्हायचंय?" घरात विचारलं नाही.

आता दुसरी गोष्ट, माझ्या वर्गातल्या एका मुलाची. वडील केळीचा गाडा लावायचे. बागवान कुटुंब, पण शाळेच्या दाखल्यावर आडनाव शेख आणि जातीच्या रकान्यात नुसतं 'मुसलमान'. सीईटीला मार्क चांगले पडले. बारावीचा निकाल लागल्यावर बापलेक माझ्याकडे आले आणि तेव्हा आम्ही जातीच्या दाखल्यामागे धावायला लागलो. आजोबांचा शाळेचा उतारा मिळेपर्यंत अर्जाची मुदत संपत आली होती. पडताळणीचं प्रमाणपत्र तर लांबच राहिलं. पोराला खुल्या प्रवर्गातून जे मिळालं ते घ्यावं लागलं. गुणांमध्ये तो कमी पडला नव्हता. कमी पडला एक उतारा. तो दोन वर्षं माझ्या वर्गात होता. अकरावीलाच मी विचारायला हवं होतं.

या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की एक लक्षात येतं. आपण कामांची वाटणी उलटी केली आहे. कागदपत्रं गोळा करणं हे मोठ्यांचं काम. ते आपण मुलांवर किंवा शेवटच्या आठवड्यावर टाकतो. काय शिकायचं, कुठे शिकायचं, ही निवड मुलांची. ती मात्र आपण हातात घेतो. ही वाटणी सरळ करायची, एवढंच मला आज सांगायचंय.

आधी कागदांचं बघू.

बरेच पालक मला विचारतात, "सर, मुस्लिम आरक्षण आहे ना?" स्पष्ट सांगतो. २०१४ साली राज्य सरकारनं मुस्लिमांसाठी पाच टक्क्यांचा अध्यादेश काढला होता. उच्च न्यायालयानं तो शिक्षणापुरता चालू ठेवला होता. पण त्याचा कायदा झाला नाही आणि अध्यादेशाची मुदत संपली. म्हणून 'मुस्लिम' या नावानं सवलत शोधत बसू नका. पण बागवान, अत्तार, तांबोळी, मोमीन, पिंजारी अशा अनेक मुस्लिम जाती ओबीसीच्या यादीत आहेत. राज्यात ओबीसींना १९ टक्के जागा आहेत. त्यासाठी मुस्लिम ओबीसी चळवळीनं वर्षानुवर्षं खस्ता खाल्ल्या. दिलीपकुमार यांच्यासारखा माणूस त्यासाठी गावोगाव सभांना गेला. ते हक्क कागदावर आहेत. आपल्या फाईलमध्ये ते आहेत का, हा प्रश्न आहे.

ओबीसी दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा राज्यातल्या वास्तव्याचा पुरावा लागतो. वडील, आजोबा, चुलत आजोबा, आत्या, यांच्यापैकी कुणाचा तरी शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा शोधा. गावच्या मराठी शाळेत, उर्दू शाळेत जा. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, ते कुठल्या शाळेत बसले होते. वंशावळ लिहून काढा. जातीचा दाखला मिळाला म्हणजे काम झालं असं नाही. व्यावसायिक अभ्यासक्रमाला पडताळणी समितीचं वैधता प्रमाणपत्र लागतं. त्याचा अर्ज अकरावी-बारावीतच कॉलेजमार्फत करता येतो. अर्ज केल्याच्या पावतीवर तात्पुरतं भागतं, पण ठरलेल्या तारखेपर्यंत प्रमाणपत्र दिलं नाही तर मूल खुल्या प्रवर्गात जातं.

नॉन-क्रिमीलेअरची मुदत बघा. ज्या वर्षी प्रवेश घ्यायचा, त्याच्या पुढच्या ३१ मार्चपर्यंत ते चालू असायला हवं. आणि 'माझा पगार जास्त आहे, मला मिळणार नाही' असं घरबसल्या ठरवू नका. आठ लाखांच्या मर्यादेत पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. नोकरदारांच्या बाबतीत पद कोणत्या वर्गाचं आहे ते पाहतात.

ज्यांची जात ओबीसीत नाही, त्यांनी ईडब्ल्यूएसचा दाखला काढा. ते दहा टक्के आरक्षण धर्म बघत नाही. आपल्या मोहल्ल्यात आजही कितीतरी लोकांना वाटतं, ते आपल्यासाठी नाही. ते आपल्यासाठीही आहे. तहसील कार्यालयात अर्ज करा.

तिसरी वाट अल्पसंख्याक संस्थांची. मुंबईचं साबू सिद्दीक, मालेगावची मन्सुरा, अशा संस्थांमध्ये ५१ टक्के जागा त्या समाजाच्या मुलांसाठी असतात. त्यासाठी अर्जातच अल्पसंख्याक असल्याची नोंद करावी लागते. तिथे ओबीसी किंवा ईडब्ल्यूएसचं आरक्षण नसतं, हेही ध्यानात ठेवा.

आणि नावं! दहावीच्या गुणपत्रिकेवर महंमद, आधारवर मोहम्मद, बँकेच्या पासबुकावर नुसतं मो. आईचं नाव एकीकडे शहनाज, दुसरीकडे शहेनाज. घरात आपण हसतो, पण अर्ज तपासणाऱ्याच्या टेबलावर ही तीन वेगळी माणसं असतात. आजच सगळे कागद एका रांगेत मांडा आणि अक्षर न् अक्षर जुळवा. दुरुस्तीला वेळ लागतो. जुलैमध्ये तो नसतो.

मुलींच्या आईवडिलांना एक खास सांगायचंय. २०२४-२५ पासून राज्य सरकारनं वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं आहे. अट ही, की प्रवेश शासनाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्याला ही सवलत नाही. अभिमत आणि खासगी विद्यापीठांनाही नाही. म्हणजे दाखला आणि फेरी या दोन गोष्टी सांभाळल्या, तर 'पोरीच्या शिक्षणाला एवढे पैसे कुठून आणू' हा प्रश्न बराचसा सुटतो. एजंट घरी येऊन 'सीट पक्की करतो' म्हणाला, तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. मूळ कागद कुणाच्या हातात देऊ नका. अर्जावर मोबाईल नंबर घरचाच टाका. नेट कॅफेवाल्याचा नंबर टाकला की ओटीपीही त्याच्याकडे आणि निरोपही त्याच्याकडे.

हे झालं आपलं काम. आता मुलांचं.

पसंतीक्रमाबद्दल घरोघरी एक गैरसमज आहे. लोक म्हणतात, वर मोठं कॉलेज टाकलं आणि ते मिळालं नाही, तर खालचंही जाईल. असं होत नाही. संगणक गुणवत्ता यादीतल्या क्रमानं एकेका मुलाला घेतो. त्याची यादी वरून खाली वाचतो. जिथे त्याच्यासाठी जागा शिल्लक असेल, तिथे थांबतो. वरचं कॉलेज मिळालं नाही, म्हणून खालच्या कॉलेजातला तुमचा नंबर मागे जात नाही. तेव्हा यादी भीतीच्या क्रमानं लावायची नाही, आवडीच्या क्रमानं लावायची. वर जे खरोखर हवंय ते. मग जे मिळण्यासारखं आहे ते. खाली, काहीच नाही मिळालं तरी चालेल असं. गेल्या वर्षीचे कट-ऑफ सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर असतात, ते मुलासोबत बसून वाचा. आणि ९० पर्सेंटाइल म्हणजे ९० टक्के मार्क नव्हेत. त्याचा अर्थ, शंभरातली सुमारे ९० मुलं आपल्या बरोबरीला किंवा मागे आहेत.

फक्त एक जपा. पहिली पसंती मिळाली की तो प्रवेश पक्का धरतात. अलीकडे पुढच्या फेऱ्यांमध्ये वरच्या आणखी काही पसंतींनाही तोच नियम लावतात. म्हणून शेजाऱ्याच्या मुलानं टाकलं म्हणून, चाचा म्हणाले म्हणून, काही वर टाकू नका. मिळालं तर तिथेच जावं लागेल.

कुणी म्हणेल, "सर, निवड मुलांची म्हणता, पण आमच्याही अडचणी आहेत." आहेतच. पैसा आहे, अंतर आहे, घरात आजारी माणूस आहे. मुलीला पुण्याला ठेवायचं म्हटलं की आईला झोप लागत नाही. मी त्या भीतीला हसणार नाही. पण ती भीती जानेवारीत बोला, जुलैत नाही. "बेटा, हॉस्टेलचे एवढेच पैसे आपण काढू शकतो," असं सांगितलं तर मूल समजून घेतं. मग ते मूल शिष्यवृत्ती शोधतं, हॉस्टेल शोधतं, कधी आपल्यालाच रस्ता दाखवतं. मर्यादा आधी सांगितली तर तो विचार होतो. निकालानंतर सांगितली तर मुलाला वाटतं, आपल्याला फसवलं.

आणि आपण उभे आहोत ते गाव बघा. १९०६ साली शाहू महाराजांनी याच गावात मुस्लिम मुलांसाठी बोर्डिंग उभं करायला पुढाकार घेतला. का? कारण खेड्यातलं मूल घर सोडून राहिल्याशिवाय शिकणार नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. त्या काळी आपल्या खापरपणजोबांनी पोरांना घरापासून लांब पाठवलं. आज पोरीला कराडला पाठवताना आपले पाय का अडखळावेत? कराडला एसटीनं जाऊन संध्याकाळी परत येता येतं.

विचारायचं कसं, तेही सांगतो. सगळे नातेवाईक बसलेत आणि मामू मोठ्यानं विचारतायत, "काय रे, काय ठरवलंस?" तिथे सतरा वर्षांचं मूल खरं बोलत नाही. त्याला गाडीवर मागे बसवा, चहा प्यायला न्या. विचारा, "कुठला विषय वाचताना तुला वेळ कळत नाही?" आणि गप्प बसा. उत्तर यायला चार दिवस लागले तर लागू द्या. उत्तर 'इतिहास' आलं तर घाबरू नका. सीयूईटी नावाची परीक्षा २०२२ पासून आहे, तिच्यावर देशभरातल्या केंद्रीय विद्यापीठांचे दरवाजे उघडतात. उत्तर 'आयटीआय' आलं तरी ऐकून घ्या.

यादीत नाव नाही आलं, त्या दिवशीचं बोलतो. त्या दिवशी मुलाला सल्ला नको असतो. "बघ, मी सांगत होतो" हे वाक्य तर कधीच नको. जेवायला वाढा. दुसऱ्या दिवशी पुढच्या फेरीची तारीख बघा. फेऱ्या अजून असतात. आईवडिलांचा चेहरा पडलेला दिसला, तर मूल पुढची फेरी लढत नाही.

माझी पुतणी यंदा बारावीला आहे. तिच्या सगळ्या कागदांची एक निळी फाईल माझ्या कपाटात आहे. आजोबांचा उतारा, दाखला, वैधता, नॉन-क्रिमीलेअर, सगळ्याच्या तीन-तीन झेरॉक्स. तिची यादी मात्र तिच्या वहीत आहे. परवा मी विचारलं, "बघू का?" ती म्हणाली, "बडे अब्बा, अजून पक्की नाही. झाली की दाखवते." मी वही उघडली नाही. अर्ज भरायच्या दिवशी मी तिच्या शेजारी बसणार आहे. शेवटचं बटण तीच दाबेल.

आज घरी गेल्यावर आधी फाईल काढा. मग मुलाला हाक मारा आणि विचारा. माझ्या मुलीनं पंधरा वर्षांनी मला जे उत्तर दिलं, ते तुमच्या मुलांना कधी द्यावं लागू नये.