चोरीचं कर्ज की सुटकेचं?

(प्रभागसंघाच्या सभेत केलेलं भाषण)



आज मी हप्ते आणि व्याजावर बोलणार नाही. मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत बसले होते. गावाचं नाव सांगत नाही, तुम्हाला कळलं तरी बाहेर बोलू नका. एका ताईनं साडेतीन हजारांचं अंतर्गत कर्ज मागितलं. कशासाठी, विचारलं तर ती मान खाली घालून बसली. शेजारचीच बोलली, "पोरानं मोटारीची केबल चोरली ना, ते भरायला." एकोणीस वर्षांचा पोरगा. शेतातल्या विहिरीवरची केबल कापली, तांबं भंगारात विकलं. गटानं ठरवलं, चोरीसाठी कर्ज नाही. ठरावाच्या वहीत तसं लिहिलंसुद्धा. मीही गप्प बसले, कारण मला कायदाच माहीत नव्हता. नंतर वाचला, एका वकील ताईंना विचारला, म्हणून आज बोलतेय.

१ जुलै २०२४ पासून जुन्या दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्यात शिक्षेचा एक नवा प्रकार आहे, सामुदायिक सेवा. म्हणजे तुरुंगाऐवजी गावाच्या, समाजाच्या उपयोगाचं काम करायचं, मजुरी न घेता. हे सगळ्या गुन्ह्यांना नाही हं, फक्त सहा किरकोळ गुन्ह्यांना. त्यातले दोन आपल्या रोजच्या ओळखीचे.

एक, दारू पिऊन सार्वजनिक जागी त्रास देणं. त्याला २४ तासांपर्यंत साधी कैद, किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, नाहीतर सामुदायिक सेवा. लगेच कुणीतरी विचारेल, मग घरी मारणाऱ्याला झाडू मारायला लावून सोडणार का? नाही. नवऱ्यानं छळ केला तर त्याचं कलम वेगळं, ८५. तिथे तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

दुसरा गुन्हा चोरीचा, कलम ३०३. साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण वस्तू ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीची असेल, माणूस पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्यानं वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर शिक्षा सामुदायिक सेवेची. (घरात शिरून केलेली चोरी यात बसत नाही, तिचं कलम कडक आहे.)

आता "किंमत परत केली तर" हे पुन्हा एकदा ऐका. तांबं तर विकलं गेलं. पोराकडे पैसे नाहीत, बाप नाही. आई आली ती आपल्याकडे. आपण ज्याला चोरीचं कर्ज म्हणून नाकारलं, त्याच पैशांवर पोरगा आत जाणार की गावात काम करणार हे अवलंबून आहे.

एक काकी मला म्हणाल्या, "म्हणजे मोकाटच सोडायचा?" मोकाट कसा? दोषी ठरल्याची नोंद राहते. काम कोणतं, किती दिवस, हे न्यायालय ठरवतं. सरपंच किंवा पोलीस नाही, म्हणून गावानं आपल्या मनानं कुणाला राबवायचं नाही. काम टाळलं तर कैद होऊ शकते. आणि ज्यांची केबल गेली त्या शेतकऱ्याचाही विचार करा. पाण्याची पाळी हुकली, त्यांचा राग खराच आहे. पण पोरगा तुरुंगात गेला म्हणून त्यांच्या मोटारीला केबल लागणार नाही. पैसे मिळाले तर लागेल.

राहिला वसुलीचा प्रश्न. तो विचारायलाच हवा, पैसे सगळ्यांच्या घामाचे आहेत. पण कर्ज पोराला नाही, आईला द्यायचंय. मी वही पाहिली, तिची बचत एकदाही चुकलेली नाही.

तिला मी अर्ज पुन्हा द्यायला सांगितलंय. येत्या सोमवारी बैठक आहे, कोर्टाची तारीख त्यानंतरच्या आठवड्यात. त्या गटातल्या चौघी इथे बसल्यात, मला दिसताहेत. ठराव बदलायचा की नाही, ते तुम्ही ठरवायचं.

आणि वकिलाच्या फीची भीती कुणी बाळगू नका. कोणत्याही बाईला, अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला, कोठडीत असलेल्याला सरकारी विधी सेवेतून वकील फुकट मिळतो. फोन नंबर १५१००. वहीच्या मागच्या पानावर आत्ताच लिहून घ्या.