सापशिडीचा गड
(तालुका शिक्षण परिषदेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



सापशिडी न खेळलेले मूल आपल्या जिल्ह्यात सापडणे कठीण. आणि दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला न केलेले मूलही फारसे सापडावयाचे नाही. या दोन्ही गोष्टी मुलांच्या स्वतःच्या आहेत. शाळेने त्या त्यांस शिकविलेल्या नाहीत. या दोहोंचा मेळ घालून शंभर घरांची सापशिडी सपाट पुठ्ठ्यावरून उचलावी आणि पायऱ्यापायऱ्यांच्या गडावर चढवावी, अशी सूचना मी आज करणार आहे. मात्र गड बांधण्याची कृती सांगणे हा माझा मुख्य हेतू नव्हे. बांधण्यापूर्वी त्याची आखणी मुलांनी कशी करावी, आणि ती मुलांनीच का करावी, याविषयी मला बोलावयाचे आहे.

शैक्षणिक साहित्याची प्रदर्शने मी अनेक वर्षे पाहत आलो आहे. टेबलावर सुबक प्रतिकृती मांडलेल्या असतात. मागे उभ्या असलेल्या मुलास “ही पायरी एवढीच उंच का रे?” असे विचारले, की ते बाईंच्या किंवा गुरुजींच्या तोंडाकडे पाहते. त्याचा काय दोष? वस्तू गुरुजींनी रात्री जागून केलेली असते, नाही तर बाजारातून आणलेली असते. प्रदर्शन संपले की ती कपाटात जाते व कपाटास कुलूप लागते. मुलांच्या वाट्यास तिच्यावरील धूळ पुसण्याचे काम तेवढे उरते. अशा वस्तूंस बक्षिसे देण्यात आपण चूक करतो, असे माझे स्पष्ट मत आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीस बालशिक्षणाचे काम सुरू केले, तेव्हा महागड्या साधनांच्या जागी शिंपले, खडे, बिया अशा गावातल्याच वस्तू त्यांनी मुलांच्या हाती दिल्या. त्या हाती दिल्या, हे महत्त्वाचे. मांडून ठेवल्या नाहीत.

सापशिडी हा खेळ मूळचा आपल्या देशातला. जुन्या पटांवर घराघरांत सद्गुणांची आणि दुर्गुणांची नावे असत. आपल्याकडे त्यास मोक्षपट म्हणत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो इंग्लंडात गेला, आणि १९४३ साली अमेरिकेत तो विक्रीस आला तेव्हा सापांच्या जागी घसरगुंड्या आल्या. चढणे आणि घसरणे हा त्याचा प्राण. पण सपाट पटावर कोणी चढत नाही आणि घसरतही नाही. सोंगटी नुसती सरकते. खरी चढण मिळाली तर मुलांस ती हवीच असते.

आता आखणीकडे वळू. मुलांस प्रथम चौकटीच्या कागदावर दहा बाय दहाचा चौरस काढावयास सांगावे आणि एकच प्रश्न टाकावा : या शंभर घरांतील एकही घर न वाढविता व न गाळता याचा गड कसा होईल? उत्तर सांगण्याची घाई करू नये. कोणी दहा मजले सुचवील, कोणी एका बाजूने चढत जाणारा जिना सुचवील. तेही चुकीचे नाही. परंतु किल्ला केलेले एखादे मूल कडेची घरे रंगवून म्हणेल, “ही खालची माची.” तेथून पुढे वाट मोकळी होते. कडेच्या रांगेत ३६ घरे भरतात. तिच्या आतल्या रांगेत २८, मग २०, मग १२, आणि मधोमध ४ उरतात. पाचांची बेरीज बरोबर १००. चार माच्या आणि वर चार घरांचा बालेकिल्ला! दर माचीस आठ घरे कमी का होतात, हा प्रश्न फळ्यावर लिहून तसाच ठेवावा. दुसऱ्या दिवशी कोणीतरी चार कोपऱ्यांचा हिशेब घेऊन येते.

अंक घालताना पहिले घर एका कोपऱ्यात धरून कडेने फेरी मारावी. ३६ वे घर पहिल्याच्या शेजारी येते, आणि त्याच्या आतल्या अंगास दुसऱ्या माचीचा नेमका कोपरा असतो. तेथे ३७. तशीच फेरी घेत ६४ वर दुसरी माची संपते, ८४ वर तिसरी, ९६ वर चौथी, आणि बालेकिल्ल्यावर ९७ ते १००. सोंगटी गडाला प्रदक्षिणा घालीत वर चढते. वाट कोठेही तुटत नाही.

आता शिड्या. ५ या घराच्या थेट वर दुसऱ्या माचीवर ४० येते. म्हणजे शिडीने ३५ घरांची उडी. दुसऱ्या बाजूस १४ च्या वर ४७ येते. उडी ३३ ची. तिसऱ्या बाजूस २३ च्या वर ५४, उडी ३१. चौथ्या बाजूस ३२ च्या वर ६१, उडी २९. दुसऱ्या माचीवरून तिसरीवर जाताना २७, २५, २३, २१. असे उतरत उतरत बालेकिल्ल्याच्या शेवटच्या बाजूस ५ ची उडी राहते. मधली एकही विषम संख्या गळत नाही. वरची बाजू खालच्या बाजूपेक्षा दोन घरांनी आखूड असते, म्हणून बाजूगणिक दोनदोन कमी होतात, हे सातवीचे मूल समजावून देऊ शकेल. तिसरीच्या मुलाने नुसत्या वजाबाक्या केल्या तरी पुरे. वजाबाकीची इतकी उदाहरणे फळ्यावर दिली असती तर वर्ग कंटाळला असता. येथे शिडी कोठे लावली तर डाव लवकर संपेल हे ठरवावयाचे असल्यामुळे मुले भांडून वजाबाकी करतात. कोपऱ्यातील घरांवरून सरळ शिडी लागत नाही, हेही त्यांचे त्यांस उमजते.

येथवरचे काम वरून पाहिलेल्या नकाशाचे झाले. गडाचे दुसरे चित्र बाजूने पाहून काढावे लागते, आणि आपल्या शाळांतून नेमके हेच राहून जाते. घर ५ सेंमीचे धरले तर तळ ५० सेंमी चौरस होतो. दर माचीची चढ ४ सेंमी धरली, तर तळफळीपासून बालेकिल्ला १६ सेंमी उंच येतो. पहिल्या माचीवरून तिसरीवर जाणारी शिडी नकाशात मोजली तर १० सेंमी भरते. मुले तेवढीच काडी कापतात, आणि ती पोहोचत नाही! कापू द्यावी. काडी वाया गेली तरी हरकत नाही. बाजूचे चित्र कशासाठी, याचे उत्तर त्या तोकड्या काडीत आहे. बाजूच्या चित्रात १० सेंमी आडवे आणि ८ सेंमी उभे घेऊन तिरपी रेघ मोजली की जवळजवळ १३ सेंमी भरते. मोठ्या वर्गात येथे पायथागोरसाचा सिद्धांत आणावा. लहानांना दोरा पुरे.

आणखी एक अडचण. मुले घराच्या मध्यापासून घराच्या मध्यापर्यंत शिडी मागतात, कारण छापील पटावर ती तशीच असते. बाजूच्या चित्रात तशी रेघ काढून पाहावी. ती मधल्या माचीच्या मातीत शिरते. शिडीचा पाय खालच्या घराच्या बाहेरच्या कडेस ठेवावा, म्हणजे ती माच्यांच्या कडांवर टेकून नीट उभी राहते. आणि ती घराच्या एका अंगास लावावी, नाही तर मधल्या घरात सोंगटीस जागा राहत नाही. सापास असा काही नियम नाही. तो सुतळीचा किंवा चिंधीचा असल्यामुळे वळसे घेत उतरतो. ९९ वरून ९२, ७७, ५४ अशा माच्या ओलांडून २३ वर आलेला साप मुलांना फार आवडतो, आणि त्याने गिळलेल्या मुलाचे सांत्वन वर्गास करावे लागते.

डोंगराकडच्या एका शाळेत चौथीच्या वर्गाने हा गड आखलेला मी पाहिला. त्या वर्गात एका गवंड्याचा मुलगा होता. वाचनात तो मागे होता, म्हणून शेवटच्या रांगेत बसत असे. तळाचा चौरस जमिनीवर आखताना चारही बाजू ५० सेंमी भरल्या, तरी आकृती तिरकी दिसत होती. मुले पुन्हा पुन्हा बाजूच मोजीत होती. तेव्हा हा मुलगा उठला, समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत दोरी ताणली, मग उरलेल्या दोन कोपऱ्यांत ताणली, आणि म्हणाला, “दोऱ्या सारख्या नाहीत, गुण्यात नाही हे.” बापाबरोबर तो बांधकामावर जात असे, तेथील हे ज्ञान. कर्ण हा शब्द त्यास ठाऊक नव्हता. बाईंनी तो त्याच दिवशी फळ्यावर लिहिला आणि त्याच्याकडून वाचून घेतला. तयार प्रतिकृती आणली असती तर त्या मुलास उठण्याचे कारणच पडले नसते. कुंभाराची, सुताराची, पाथरवटाची मुले आपल्या प्रत्येक वर्गात आहेत. त्यांच्या हातांस जे कळते ते उत्तरपत्रिकेत येत नाही, आणि आपण त्यांस मठ्ठ समजून बसतो. मला याची काळजी गडापेक्षा अधिक वाटते.

साहित्याविषयी थोडक्यात सांगतो. मातीचा गड करावयाचा तर चार थरांस मिळून १२,००० घन सेंमी, म्हणजे १२ लिटर माती लागते. हा हिशेबही मुलांकडूनच करवावा आणि मग बादलीने मोजून पाहावा. ओल्या मातीचे वजन २० किलोच्या आसपास जाते, तेव्हा गड जेथे खेळावयाचा तेथेच बांधणे शहाणपणाचे. चिकणमाती नुसती वापरल्यास वाळताना भेगा पडतात. तीत भुसा किंवा बारीक वाळू मिसळावी. वर्गात हवा असल्यास जुन्या खोक्यांचा पुठ्ठा व खळ पुरते. थर्मोकोल नको. अंक रंगाने न लिहिता चिंचोके दाबून लिहिले आणि माच्यांच्या कडा स्पष्ट ठेवल्या, तर दृष्टी अधू असलेले मूलही हाताने चाचपून इतरांच्या बरोबरीने खेळू शकते. सपाट छापील पटावर ते नुसते शेजारी बसलेले असते.

माती कालविण्यापूर्वी कागदावरच दहा डाव खेळावेत आणि प्रत्येक डावास फासा किती वेळा टाकावा लागला ते लिहून ठेवावे. खालच्या माचीवर शिड्या फार झाल्या तर डाव चटकन आटोपतो, साप फार झाले तर घंटा होते तरी कोणी वर पोहोचत नाही. चार शिड्या आणि पाच सापांनी सुरुवात करावी. पुढे काय बदलावयाचे ते मुले सांगतील. त्यांचे म्हणणे आपणांस पटले नाही तरी एकदा तसे खेळून पाहू द्यावे.

पुढील परिषदेस येताना कोणी गड घेऊन येऊ नये. वीस किलोचे ओझे एस. टी.त चढविणे सोपे नाही. मुलांनी काढलेले दोन्ही कागद, वरून पाहिलेला व बाजूने पाहिलेला, खाडाखोडीसह आणावेत. त्यांवर मुलांची नावे असावीत. कागद स्वच्छ करून आणण्याची आवश्यकता नाही.