निळ्या काचेतला न दिसणारा भाग

टंगस्टन ऑक्साइडचा काही शे नॅनोमीटर जाडीचा थर विद्युतवाहक काचेवर चढवला, तर काच पारदर्शकच राहते. लिथियम क्षाराच्या द्रावणात त्या थराला ऋण विद्युतदाब दिला की तो निळा होतो. दाब उलटा केला की निवळतो. सत्येन देब यांनी 1969 साली या गुणाविषयी लिहिले. ऊन अडवणाऱ्या खिडक्यांच्या काचा याच वाटेने पुढे आल्या. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात असे थर फवारणीने तयार करून अभ्यासले गेले आहेत.

दाबाबरोबर इलेक्ट्रॉन आणि लिथियमचे आयन थरात शिरतात. काही टंगस्टन अणूंची संयुजा सहावरून पाचावर येते. अस्फटिकी थरात अशा अणूवरचा इलेक्ट्रॉन शेजारच्या अणूवर जाताना प्रकाश शोषतो.

हे शोषण कुठे होते, हाच खरा प्रश्न आणि निळा रंग पाहून समाधान मानणाऱ्याच्या हातून तोच निसटतो. शोषणाचा माथा 900 नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे अवरक्तात असतो. त्याची उतरण तांबड्यापर्यंत पोचते, म्हणून निळा तेवढा पार होतो. पीठ चाळताना परातीत पडते ते पीठ आणि चाळणीत उरतो तो कोंडा. डोळा परातीतले पीठ पाहतो, स्पेक्ट्रोफोटोमीटरने कोंड्याचा हिशेब लागतो. पण चाळताना थोडे पीठ काठाबाहेरही उडते. ते परावर्तन. पारेषण मोजून बाकीचे सारे शोषणाच्या खाती टाकणे, ही सवय सोडायलाच हवी. थराच्या दोन पृष्ठांवरून परतलेल्या प्रकाशाच्या व्यतिकरणाने आलेखावर लाटा उठतात आणि लाटेचा खळगा शोषण म्हणून नोंदला जातो. काठाबाहेरचे पीठ कोंड्यात धरू नये, हे पुन्हा सांगावे लागते.

रामन वर्णपटावरून थर स्फटिकी की अस्फटिकी ते कळते. क्ष-किरणांनी सुटलेल्या इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेवरून संयुजा कळते. मात्र त्यासाठी थर सहसा द्रावणातून काढून निर्वातात न्यावा लागतो. प्रकाशीय मापन तर द्रावणातच, विद्युतभार वाहत असताना करता येते. प्रति चौरस सेंटिमीटर भारामागे प्रकाशीय घनता किती बदलली, ही रंगक्षमता. तरंगलांबी न लिहिता दिलेला तिचा आकडा निरुपयोगी.

निकेल ऑक्साइड उलट दाबाने तपकिरी होते. त्याचा विस्तार इथे शक्य नाही. व्हॅनेडियम डायऑक्साइडचे उदाहरण मात्र टाळता येत नाही. 68 अंश सेल्सिअसच्या सुमारास त्याच्या थरातून जाणारा अवरक्त प्रकाश एकदम घटतो, आणि डोळ्याला फारसा फरक दिसत नाही. मापन अवरक्तापर्यंत न्यावे आणि परावर्तनासह न्यावे.