हजेरीचा कागद
(वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



वाचनालयाचे कपाट मी सांभाळते, एवढ्याच अधिकारावर मला आज बोलायला उभे केले आहे. विषयही त्या कपाटानेच दिला. खालच्या फळीवर बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा आहेत. त्यांनी हजाराच्या वर लिहिल्या. आपल्याकडे वीसबावीस असतील, आणि काहींची नेमकी शेवटची पाने गेलेली. मध्यंतरी एक काकू पुस्तक परत करताना म्हणाल्या, "काय बाई लिहितात तरी! रात्री एक ठरते, सकाळी भलतेच. असे कुठे घडते का?"

मी म्हटले, "काकू, २३ नोव्हेंबर २०१९ विसरलात वाटते?"

घाबरू नका, कोणाचा पक्ष बरा हे मी सांगणार नाही. मंडळात सगळ्या पक्षांच्या घरच्या बायका आहेत आणि भाषणानंतर आपल्याला एकत्र फराळ करायचा आहे.

त्या शनिवारी सकाळी आमच्याकडे दूध गॅसवर होते. सासूबाईंच्या हातात वर्तमानपत्र, त्यात ठळक अक्षरांत उद्धव ठाकरे मुख्यमंत्री होणार म्हणून. आदल्या संध्याकाळी वरळीच्या नेहरू सेंटरमधल्या बैठकीनंतर शरद पवारांनी तसे सांगितलेच होते. आणि समोर दूरदर्शनच्या पडद्यावर देवेंद्र फडणवीस शपथ घेत होते! शेजारी उपमुख्यमंत्री म्हणून अजित पवार. सासूबाई म्हणाल्या, "जुना कार्यक्रम लावलाय ग, बंद कर." दूध उतू गेले ते तेव्हा.

निकाल लागून महिना होत आला होता. २८८ जागांत भाजपला १०५, शिवसेनेला ५६, राष्ट्रवादीला ५४, काँग्रेसला ४४. बहुमताला १४५ हवेत. एकत्र लढलेल्या दोघांचे मुख्यमंत्रिपदावरून बिनसले आणि १२ नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट लागली. ती उठवल्याचा हुकूम निघाला २३ तारखेला पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी. त्यासाठी केंद्रात मंत्रिमंडळाची बैठकही झाली नव्हती. घाईच्या प्रसंगी पंतप्रधानांना बैठकीवाचून निर्णय घेता येतो, असा एक नियम आहे, तो वापरला. आपण पाण्याची मोटर लावायला उठतो त्या वेळेला एक राजवट गेली आणि आठाच्या सुमारास दुसरी आली.

पण भगिनींनो, मला खरी रहस्यकथा दिसते ती या पहाटेत नाही. ती एका कागदात आहे. राज्यपालांना जे पाठिंब्याचे पत्र दिले, त्याला राष्ट्रवादीच्या आमदारांच्या सह्यांची यादी जोडलेली होती. पक्षाच्या नेत्यांचे म्हणणे असे, की त्या सह्या पक्षाच्या कामासाठी, हजेरी म्हणून घेतल्या होत्या, पाठिंब्यासाठी नव्हे. काही आमदारांनी तर त्याच दिवशी पत्रकारांना सांगितले, की राजभवनावर पोचेपर्यंत आपल्याला कशासाठी नेताहेत हे ठाऊक नव्हते.

पुष्कळांना हे हसण्यासारखे वाटले. मला नाही वाटले. लग्नानंतर आम्ही ज्या चाळीत राहत होतो तिथे एकदा पाण्याच्या टाकीसाठी सभा भरली. आलेल्यांनी कोऱ्या कागदावर सह्या करायच्या, मीही केली. हे कामावर, म्हणून घरातर्फे मीच गेले होते. दोन महिन्यांनी तोच कागद पुन्हा पुढे आला, वर भाडेवाढीला संमती असल्याचा मजकूर लिहून. अक्षर माझे, वळण माझे. नाही म्हणू तरी कशी? हे काही रागावले नाहीत. नुसते म्हणाले, "सही तर तुझीच आहे." ते मला अजून लागून आहे. वाढलेले भाडे आम्ही सहा वर्षे भरले.

पुढचे थोडक्यात सांगते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, रविवारीसुद्धा सुनावणी झाली. २६ नोव्हेंबरला हुकूम झाला, की दुसऱ्या दिवशी पाचच्या आत विधानसभेत बहुमत दाखवा, मतदान गुप्त नको आणि सगळे लोकांना दिसू द्या. तो दिवस संविधान दिनाचा होता. हा योगायोग कादंबरीकाराने घातला असता तर आपण नाक मुरडले असते. मतदान झालेच नाही. त्याच दिवशी आधी अजित पवारांनी आणि मग फडणवीसांनी राजीनामा दिला. २८ तारखेला शिवाजी पार्कवर उद्धव ठाकऱ्यांचा शपथविधी झाला.

काकू म्हणाल्या, "संपले ना मग?" म्हटले, कुठले! ३० डिसेंबरला त्याच नव्या मंत्रिमंडळात उपमुख्यमंत्री म्हणून शपथ घेतली ती अजित पवारांनीच. अर्नाळकरांच्या झुंजारनेही वाचकाला असे चकवले नसते. जून २०२२ मध्ये आमदार सुरतेला आणि तिथून गुवाहाटीला गेले, तो पुढचा भाग. त्यात आज शिरत नाही, फराळ निवेल.

रहस्यकथेत लेखक निदान दुवे आधी पेरून ठेवतो. इथे दुवे होते की नाही कोण जाणे. आपल्या बोटाला मात्र शाई होती.

तर आजची हजेरीची वही दाराजवळच्या टेबलावर आहे. पानाच्या माथ्यावर मी तारीख घालून "केवळ उपस्थिती" असे लिहिले आहे, आणि शेवटच्या सहीखाली आडवी रेघ मारणार आहे. मागच्या वर्षी काही जणींनी चिवडा घेतला आणि सही राहिली. या वर्षी आधी सही. पण वरचे दोन शब्द वाचून.